नागपूरहून निघालेला ढग

माझी सगळी नोकरी ढग बघण्यात गेली, आणि तीही बिनखिडकीच्या खोलीत. रडारच्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाला बाहेर पाऊस पडतोय की नाही हे चहा घेऊन येणाऱ्या शिपायाच्या भिजलेल्या खांद्यावरून कळायचं. निवृत्त झाल्यावर ठरवलं, ज्यांच्या डोक्यावरून हे ढग जातात त्या माणसांना आता भेटायचं. कुणी बोलावलं की मी जाते आणि डॉप्लर रडार काय बघतं, काय बघत नाही ते सांगते. "यंदा पाऊस कसा?" असं विचारणारे सगळीकडे भेटतात. मी ज्योतिषी नाही, असं सांगून मी दर गावात थोडा वाईटपणा घेते.

या ऑक्टोबरात अमरावतीहून वैशालीचा फोन आला. ती तिथल्या एका कॉलेजात भूगोल शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव विजेपासून कसं वाचायचं ते सांगत फिरते. "सोयाबीनची सोंगणी चालू आहे, सगळे कापणीत आहेत, पण लोक येतील. तुम्ही या," ती म्हणाली. ऑक्टोबरात वऱ्हाडात निघाले म्हणून माझ्या शेजारणीनं कपाळाला हात लावला. ती पुण्याची, मी मूळची सातारची, आणि वऱ्हाड आम्ही दोघींनीही नकाशातच पाहिलेलं.

अकोला

वैशालीनं पहिला कार्यक्रम अकोल्याजवळच्या एका गावात ठरवला होता. सकाळी उतरले तेव्हाच ऊन तापलं होतं. आपल्याकडे असं झालं की आपण पंखा वाढवतो. इथं लोक त्याला तपन म्हणतात, डोक्याला दुपट्टा गुंडाळतात आणि कामाला लागतात. मला घ्यायला आलेल्या वयस्कर गृहस्थांनी पहिलाच प्रश्न टाकला, "काहून आल्या इतक्या दूर?" पुण्यात असं विचारलं तर पाहुणा मागच्या पावली परत जाईल. पण विचारता विचारता त्यांनी माझी बॅग उचलून गाडीत ठेवलीसुद्धा होती. त्यांना खरोखरच कारण जाणून घ्यायचं होतं.

त्यांच्या गावात, देवळाच्या सभामंडपात माणसं जमली आणि नेमकी लाइट गेली. माझी सगळी चित्रं लॅपटॉपमध्ये, आणि प्रोजेक्टर मुका. मग एका घरून मातीची घागर मागवली, कुणीतरी तुरीची वाळलेली काडी आणून दिली आणि मी बोलायला सुरुवात केली.

रडार एक लहर सोडतं आणि मग गप्प बसून ऐकतं. लहर ढगातल्या थेंबांवर आपटते आणि तिचा थोडासा भाग परत येतो. परत यायला किती वेळ लागला त्यावरून ढग किती लांब आहे ते कळतं. किती जोरात आली त्यावरून थेंब केवढे आणि किती दाट आहेत त्याचा अंदाज येतो. गारा असतील तर फारच जोरात येते. एवढं सगळ्यांना पटकन समजलं. विहिरीत हाक मारून पाणी किती खोल आहे ते अजमावणारी माणसं ती.

मग मी घागर पालथी घातली आणि काडी तिच्या पाठीवर टेकवली. "ही पृथ्वी. काडी जिथं टेकली तिथं नागपूर, तिथलं रडार. काडी म्हणजे लहर. ती सरळ जाते, पण पृथ्वी खाली वाकत जाते." काडीचं दुसरं टोक घागरीपासून चांगलंच वर राहिलं होतं. अमरावतीवरून ती लहर अडीच-तीन किलोमीटर उंचीवरून जाते, अकोल्यावरून पाचेक किलोमीटर. तिच्या खाली जे चाललंय ते तिला दिसत नाही.

"म्हंजे आमच्या डोक्यावरून जाते अन् आमाले पाहतबी नाही," मला घ्यायला आलेले गृहस्थ म्हणाले. "निवडून आलेल्या मानसावानी."

सगळे हसले, मीही हसले. जेवण शेतात होतं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे, तुपात कुस्करलेले, आणि वर वांग्याची भाजी. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात. इथं विचारतच नाहीत, वाढतात. शेवटी ताटात ठेचा पडला आणि मी तो चटणीच्या हिशेबानं खाल्ला. पुढचा अर्धा तास मला घाम, नाक आणि डोळे यांच्याखेरीज काही सुचलं नाही. यजमानीणबाई शांतपणे ताकाचे पेले पुढं करत राहिल्या.

अमरावती

दुसऱ्या दिवशी बसनं अमरावती. खिडकीतून दोन्ही बाजूंनी काळी जमीन, फुटायला लागलेला कापूस आणि मध्येमध्ये सोंगून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंज्या, ताडपत्रीनं झाकलेल्या. रस्त्यावर ठिकठिकाणी सीताफळांच्या टोपल्या घेऊन बायका बसलेल्या. मी दोन सीताफळं घेतली, बसमध्ये खाल्ली आणि बियांचं काय करायचं ते न समजून मूठ आवळून अमरावतीपर्यंत गेले.

वैशाली मला इथला गिला वडा, म्हणजे दह्या-चटणीत भिजवलेला वडा, खायला घेऊन गेली. पहिला घास घेतला आणि तिनं विषय काढला.

"मॅडम, आज संध्याकाळी आपला कार्यक्रम वलगावला आहे, इथून जवळच. तिथं इंगळे सर येतील. मागं बसतील. त्यांना काही विचारू नका."

इंगळे सर तिचे शाळेतले विज्ञानाचे मास्तर. निवृत्तीनंतर त्यांनी वलगाव आणि आसपासच्या लोकांसाठी मोबाइलवर एक ग्रुप काढला होता. रोज रडारचं चित्र बघायचं आणि दोन ओळीत लिहायचं: ढग येतोय, जनावरं बांधा, किंवा ढग येत नाही, काम चालू ठेवा. उन्हाळ्यात त्यांचं बरोबर आलं, पावसाळ्यात बरोबर आलं. लोक आभाळाकडे बघण्याआधी सरांचा मेसेज बघू लागले. मग मागच्या ऑक्टोबरात, सोंगणीच्या दिवसांत, सरांनी दुपारी लिहिलं, "लाल आहे, दूर जात आहे. काळजी करू नये." तासाभरात ढग वलगावच्या शिवारावर आला. गंजी झाकून निंबाखाली उभ्या राहिलेल्या शोभा नावाच्या बाईवर वीज पडली आणि ती गेली.

"त्यानंतर सरांनी एक अक्षर लिहिलं नाही," वैशाली म्हणाली. "सगळे सांगतात, तुमची चूक नाही, मशीनच खोटं बोललं. पुढच्या आठवड्यात वर्ष होईल. सरांनी मला एकदाच विचारलं होतं, मशीन खोटं बोलतं का गं? मला सांगता आलं नाही. म्हणून तुम्हाला बोलावलं, खरं तर."

मी वड्याची ताटली बाजूला ठेवली. मशीन खोटं बोललं नसणार, हे मला तिथंच कळलं होतं.

वलगाव

संध्याकाळी शाळेच्या वर्गात पन्नासेक माणसं होती. सर शेवटच्या बाकावर, पांढरा शर्ट, हातात घडी घातलेला रुमाल. बाकी लोक येता-जाता त्यांना नमस्कार करत होते, "जयभीम सर", "रामराम सर", आणि ते नुसती मान हलवत होते.

तिथं मला डॉप्लर सांगायचा होता. तो सांगायला मी नेहमी आगगाडी घेते. फलाटावर उभं असताना शिट्टी वाजवत येणाऱ्या गाडीचा आवाज चढा वाटतो, आणि गाडी पुढं निघून गेली की तोच आवाज एकदम उतरतो. शिट्टी तीच असते. येणाऱ्या गाडीच्या आवाजाच्या लहरी दाटून येतात, जाणाऱ्या गाडीच्या ताणल्या जातात. रडारची लहर थेंबावरून परत येते तेव्हा तिचंही असंच होतं, फरक फक्त फार बारीक असतो आणि तो मोजायला यंत्र लागतं. त्यावरून थेंबांना घेऊन जाणारा वारा रडारकडे येतोय की रडारपासून दूर जातोय, आणि किती वेगानं, ते कळतं. येणारा वारा चित्रात निळा-हिरवा दाखवतात, जाणारा लाल. जो वारा आडवा जातो, ना जवळ ना दूर, तो रडारला थांबल्यासारखाच दिसतो.

एवढं सांगून मी थांबले. पुढचं सांगायचं की नाही, हा विचार मनात येऊन गेला. पण मी शिकवायला आले होते, आणि अर्धं शिकवणं मला जमत नाही.

"आता नागपूरहून एक गाडी इकडं, तुमच्या बडनेरा स्टेशनाकडं सुटली. नागपूरच्या फलाटावरच्या माणसाला ती जाताना दिसते. बडनेऱ्याला उभ्या असलेल्याला?"

"येतानी," चार-पाच जण म्हणाले.

"रडार नागपूरच्या फलाटावर उभं आहे. ते फक्त स्वतःपासूनचं सांगतं."

 मग एक बाई आपल्या शेजारणीच्या कानात काहीतरी म्हणाल्या आणि दोघींनी मागं वळून बघितलं. सरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा लावला. चहा येण्याआधी ते उठून गेले होते. वैशाली माझ्याकडं बघेना. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. जे सांगितलं ते खरं होतं, पण ते एका माणसाला भर वर्गात ऐकावं लागलं, याचं मला फार वाईट वाटत होतं.

रिद्धपूर

सकाळी वैशालीच्या दारात सर उभे. "रिद्धपूरच्या शाळेत तुमचा कार्यक्रम हाय नं? चला, मी येतो संगं," ते म्हणाले. एसटीत आम्ही शेजारी बसलो. तासाभराच्या रस्त्यात ते शेतांबद्दलच बोलले. हे सोयाबीन उशिराचं, त्या कपाशीवर बोंडअळी, इथं पूर्वी ज्वारी किती असायची. विषय निघाला नाही आणि मीही काढला नाही.

शाळेतला कार्यक्रम आटोपल्यावर त्यांनी मला गावातली महानुभावांची स्थानं दाखवली. मला मूर्ती बघायची सवय. इथं बऱ्याच ठिकाणी मूर्ती नाहीच, नुसता एक ओटा असतो. त्यांच्या देवाचे पाय त्या जागी लागले, म्हणून काळ्या वस्त्रातली माणसं त्या ओट्यावर कपाळ टेकवतात आणि बराच वेळ तशीच राहतात. आमच्याकडच्या देवळातली घंटा, रांग, ढकलाढकल, काहीच नाही. सर म्हणाले, "मी काई या पंथाचा नाही. पन इथं मले बरं वाटते. कोनी काई इचारत नाही."

बाहेर सावलीत आम्ही टेकलो. मग त्यांनीच सुरुवात केली.

"म्याडम, मले एका व्हिडिओतून ते चित्र वाचता आलं. शिकवनारा नागपूरचा होता. निळं म्हंजे आलं, लाल म्हंजे गेलं, असं त्यानं सांगतलं. मी वर्षभर तसंच वाचलं. बराबर येत गेलं. काहून आलं मंग ते बराबर?"

"कारण उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तुमच्याकडचा वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. तो आधी तुमच्यावरून जातो आणि मग नागपूरकडं. तुमच्यावर येणारा ढग रडारकडंही येतच असतो, म्हणून निळा. ऑक्टोबरात वारा फिरतो. ढग पूर्वेकडून येतात, नागपूरकडून तुमच्याकडं."

"म्हंजे नियम नागपूरचा होता. मी वलगावले लावला."

"हो."

त्यांनी रुमालाची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "त्या दिवशीचं चित्र माह्या डोयासमोर हाय. ढग नागपूर अन् आपल्या मधात होता. लाल. मले खरं सांगा. ते चित्र मले सांगून राहिलं होतं का, की हा ढग तुह्याकडे येऊन राहिला म्हनून?"

मी म्हटलं, "सर, रडारला वीज दिसत नाही. कुठं पडेल, पडेल की नाही, ते त्या चित्रात कुठंच नसतं."

"मी इजेचं नाही इचारून राहिलो."

ते खरंच होतं. मी त्यांना सावरायला निघाले होते आणि त्यांनी ते ओळखलं. मग मी सरळ सांगितलं. नुसत्या त्या एका चित्रावरून ढग कुठं पोचणार हे पक्कं म्हणता येत नाही, कारण ते वाऱ्याचा वेग दाखवतं आणि ढग कधीकधी वाऱ्याला सोडूनही सरकतात. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटांपूर्वीचं पावसाचं चित्र शेजारी ठेवून ढग कुठून कुठं सरकला ते बघावं लागतं. पण ढग नागपूर आणि वलगावच्या मध्ये असताना लाल दिसला, तर वलगावच्या माणसानं तो येतोय असंच धरायला हवं. दूर जातोय, असं ते चित्र सांगत नव्हतं.

"मंग मी चुकलो."

"वाचण्यात चुकलात. हो."

मला वाटलं होतं ते कोसळतील. त्यांनी एक मोठा श्वास घेतला. "पोरायच्या पेपरात चूक असली तं ती दाखवा लागते, तवा पोरगं शिकते. मले वर्षभर सारं गाव शंभरपैकी शंभर देऊन राहिलं. तुमी काई केलं नाही सर, तुमची काई चूक नाही सर. मले समजे, काईतरी चुकलं हाय. पन काय चुकलं ते कोनी सांगे ना." ते उठले. "आता हे अशोकले सांगा लागते. शोभाच्या नवऱ्याले. मौतीच्या दिवसापासून मी त्याच्या घरची पायरी चढलो नाही. तुमी संगं याल का? तो काई इचारन तं मले बराबर सांगता येईन का नाही, ठाऊक नाही."

मी हो म्हटलं. 

पुन्हा वलगाव

उन्हं कलली होती तेव्हा आम्ही त्या घरी पोचलो. अंगणात अशोक एका बाजेची दोरी ताणून बांधत होता, पस्तिशी-चाळिशीचा, खांद्यावर गमछा. त्याची आई ओसरीत सुपात डाळ निवडत होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी हार घातलेला शोभाचा फोटो, हसरा, बहुतेक कुणाच्यातरी लग्नात काढलेला. सरांना बघून अशोक उभा राहिला. म्हातारीनं काही न विचारता पाण्याचा गडवा आणून दिला.

सर पाणी प्यायले नाहीत. उभ्याउभ्याच बोलले. "अशोक, हे पुन्याच्या म्याडम हायेत. यायनं मले समजावून सांगतलं. त्या दिवशी मशीन खोटं नोतं बोललं. मीच चुकीचं वाचलं. ढग नागपूरपासून दूर जाऊन राहिला होता, म्हंजे आपल्याकडे येऊन राहिला होता. अन् मी साऱ्यायले लिवलं, दूर जात आहे. चूक माही होती. इतके दिवस मी तुह्याकडे आलो नाही, तेबी चुकलंच."

 दोरीचं टोक अशोकच्या हातातच होतं. तो ओरडेल, रडेल, आम्हाला जा म्हणेल, या सगळ्याची मी मनात तयारी केली होती.

"सर," तो शेवटी म्हणाला, "मी त्या दिवशी अमरावतीले कामावर होतो. तिनं वावरातून फोन केला. म्हने, आभाय भरून येऊन राहिलं, घरी जाऊ का? मी तुमचा मेसेज पायला अन् तिले सांगतलं, सर म्हनते दूर जाऊन राहिलं. गंजी झाकून मंग जाय."

सरांनी डोळे मिटले.

"मंग सारे म्हने, सरायचं कवा चुकत नाही. मीबी तेच म्हनो, मशीन खोटं बोलते हे मले पटे ना. मले वाटे, तुमी दुसऱ्याच ढगाचं लिवलं असन, अन् मीच आपल्या ढगाचं समजून तिले सांगतलं. शोभाच्या भावानं साऱ्यायच्या समोर म्हटलं, तुले नीट वाचताबी नाही आलं. मी काई बोललो नाही. मले तसंच वाटे. आजपर्यंत तसंच वाटे."

ओसरीत सुपाचा आवाज थांबला होता. आता मला त्या गप्पपणाचा सगळा अर्थ लागला. गावानं सरांना दोष द्यायचा नाही असं ठरवलं, सरांनी तोंड उघडलं नाही, आणि दोष मग ज्याच्या दारात जाऊन बसला तो हा माणूस होता. आम्ही रिद्धपूरहून निघालो तेव्हा सर एक ओझं या घरात आणून ठेवणार आहेत असं मला वाटत होतं. ते इथं आधीच होतं.

"म्हंजे मी बराबर वाचलं होतं," अशोक म्हणाला.

"व्हय बापा," सर म्हणाले. "जसं लिवलं होतं तसंच तू वाचलं. लिवलंच चुकीचं होतं."

अशोक बाजेवर बसला आणि गमछ्यानं तोंड झाकून रडला. म्हातारी येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.  अंगणात कललेलं ऊन होतं तसंच होतं आणि लांब कुठंतरी थ्रेशर चालू होता.

मग त्यानं तोंड पुसलं, खिशातून फोन काढला, एक नंबर लावला आणि पलीकडून कुणी उचलायच्या आत तो सरांच्या पुढं धरला.

"सर, शोभाच्या भावाले सांगता का हे? माह्या तोंडून त्याले खरं वाटनार नाही."

सरांनी फोन घेतला. पलीकडून आवाज आला तसा त्यांनी तो कानाला लावला.

"मी इंगळे मास्तर बोलून राहिलो," ते म्हणाले. "वलगावचा. भाऊ, त्या दिवशी चूक माही होती. अशोकनं बराबर वाचलं होतं."